लेझर कटरवर वरचा कॅमेरा: बसवणे, कॅलिब्रेशन आणि कडेला येणारी चूक

सुतारपक्षी (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी,

गेले तीन आठवडे माझ्या सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या) लेझर कटरवर वरून बेड, म्हणजे वस्तू ठेवायचा तळ, पाहणारा कॅमेरा बसवण्यात गेले. आता तो नीट कामाला लागला आहे. मात्र मधल्या काळात सहा पाट्या वाया गेल्या, आणि त्या का वाया गेल्या हे शोधायला कॅमेरा बसवण्यापेक्षा जास्त वेळ लागला. सगळे क्रमाने लिहून ठेवतो. शेवटी एक प्रश्नही आहे, त्यावर तुमचा अनुभव हवा आहे.

यंत्राचा बेड ६०० × ४०० मिमी. बेड वरखाली होत नाही, फोकससाठी नोझलची नळी हाताने वरखाली करावी लागते. (ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळे यावरच अडले.) कॅमेरा ५ मेगापिक्सेलचा साधा यूएसबी, १२० अंशांच्या लेन्सचा. तो झाकणाच्या आतल्या बाजूला, बेडच्या बरोबर मध्यावर येईल असा लावला. झाकण बंद असताना बेडवरच्या ३ मिमी प्लायवुडच्या पृष्ठभागापासून भिंगापर्यंतचे अंतर ३१० मिमी. सॉफ्टवेअर लाइटबर्न, त्यात बेडच्या फोटोवर डिझाइन बसवता येते.

पहिला ब्रॅकेट मी थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकमध्ये छापला आणि दुहेरी चिकटपट्टीने झाकणाला लावला. दोन दिवस सगळे छान, तिसऱ्या दिवशी पडद्यावरचे चित्र दीड मिमी सरकलेले. पीएलए ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते, आणि सतत भार असेल तर त्याच्या खालच्या तापमानालाही हळूहळू वाकते. चिकटपट्टीचेही तेच. ३१० मिमी उंचीवर कॅमेरा फक्त ०.१ अंशाने कलला तरी खालचे चित्र अर्धा मिमी सरकते. एवढा कल डोळ्याला दिसत नाही. शेवटी ॲल्युमिनियमची एल पट्टी कापली, झाकणाच्या पत्र्याला दोन भोके पाडून नट-बोल्टने आवळली आणि बोल्टखाली स्प्रिंग वॉशर घातले. भोके पत्र्याला पाडली, पारदर्शक खिडकीला नाही. ती खिडकी संरक्षणासाठी आहे, तिला हात लावू नये.

एवढ्यानेही पुरले नाही, कारण झाकणच बिजागरीत डावी-उजवीकडे थोडे हलत होते. बंद करताना हात कुठे लावतो त्यावर कॅमेऱ्याची जागा ठरत होती. पुढच्या दोन कोपऱ्यांत खाली उताराचे लाकडी ठोकळे बसवले. आता झाकण दर वेळी त्यांत घसरून एकाच जागी बसते. बेडवर कागदाचा एक तुकडा चिकटवून झाकण दहा वेळा उघड-बंद केले, दर वेळी चित्र घेतले, आणि त्या तुकड्याचा कोपरा पडद्यावर किती हलतो ते पाहिले. पिक्सेलभराच्या पलीकडे हलत नाही अशी खात्री झाल्यावरच कॅलिब्रेशनला हात घातला. ही चाचणी मी आधीच करायला हवी होती.

लेन्स कॅलिब्रेशन आणि अलाइनमेंट या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिलीत भिंगामुळे येणारा वाकडेपणा काढायचा. त्यासाठी छापलेला ठिपक्यांचा नमुना बेडवर मध्ये, कडांना आणि कोपऱ्यांत ठेवून फोटो घ्यायचे. दुसरीत यंत्र स्वतः चार खुणा कोरते, कॅमेरा त्यांचा फोटो घेतो, आणि आपण प्रत्येक खुणेच्या मध्यावर क्रमाने क्लिक करायचे. खुणा कोरताना पॉवर अगदी कमी ठेवा, फक्त रंग बदलावा एवढीच. कापल्या गेल्या तर गोल तुकडे खाली पडतात आणि क्लिक करायला मध्य उरत नाही. कोरल्यावर तो तुकडा एक केसभरही हलवायचा नाही, आणि फोटोआधी हेड (लेझर सोडणारा सरकता भाग) एका कोपऱ्यात बाजूला न्यायचे.

मी दोन्ही पायऱ्या ३ मिमी प्लायवुडवर केल्या. तपासणी उत्तम निघाली, कुठेही अर्ध्या मिमीच्या वर फरक नाही. मग सहा पाट्या बेडभर मांडल्या, ९ मिमी जाडीच्या. फोटो घेतला, प्रत्येक पाटीवर अक्षरे मध्यावर बसवली आणि काम सुरू केले. मधल्या दोन पाट्यांवर अक्षरे ठीक वाटावीत इतपत बसली, आणि कडेच्या चारही पाट्यांवर ती बाहेरच्या बाजूला सरकलेली. उजवीकडच्या उजवीकडे, डावीकडच्या डावीकडे. मध्यापासून सर्वांत दूरची पाटी जवळपास पावणेपाच मिमी. पाट्या एकाच घरच्या होत्या, त्यामुळे मधल्या दोन घेऊन उपयोग नव्हता, सगळ्या पुन्हा कराव्या लागल्या.

मी पुन्हा लेन्स कॅलिब्रेशन केले. मग अलाइनमेंट. प्लायवुडवर तपासले की सगळे बरोबर, पाटीवर केले की पुन्हा तेच. दोन संध्याकाळी यात गेल्या. शेवटी वहीत एक त्रिकोण काढला तेव्हा उलगडले. कॅमेरा मध्यावरून तिरके पाहतो. वस्तू जाड असेल तर तिचा वरचा पृष्ठभाग कॅमेऱ्याच्या जवळ येतो आणि चित्रात मध्यापासून दूर फेकल्यासारखा दिसतो. सॉफ्टवेअर समजते की सगळे काही खुणा कोरल्या त्याच पातळीवर आहे. गणित असे: कॅमेऱ्याच्या बरोबर खालच्या बिंदूपासून वस्तू जितकी लांब, त्याला वाढीव जाडीने गुणा, आणि कॅमेऱ्याच्या उंचीतून वाढीव जाडी वजा करून त्याने भागा. माझी सर्वांत दूरची पाटी मध्यापासून २४० मिमीवर, वाढीव जाडी ६, उंची ३१०. म्हणजे २४० × ६ ÷ ३०४ = ४.७ मिमी. पट्टीने मोजले होते तेवढेच. कॅलिब्रेशनमध्ये काहीच चुकले नव्हते.

प्रश्न असा: वेगवेगळ्या जाडीच्या वस्तूंवर रोज काम करणारे तुम्ही लोक हे कसे सांभाळता? दर जाडीला नवी अलाइनमेंट?

---

काटकोन:

वाचनखूण साठवली. झाकणाच्या ठोकळ्यांची कल्पना उचलतोय.

मी अजून कॅमेरा घेतलेला नाही. १२० अंशच का? जास्त रुंद घेतला तर निश्चिंत नाही का, सगळा बेड दिसेलच?

---

सुतारपक्षी:

काटकोन, मीही आधी १६० अंशांचा घेणार होतो, बरे झाले नाही घेतला.

किती अंश लागतील ते आधी काढता येते. बेडचा कर्ण घ्या, ६०० × ४०० साठी ७२१ मिमी. त्याचा अर्धा ३६०. त्याला कॅमेऱ्याच्या उंचीने भागा, ३६० ÷ ३१० = १.१६. ज्याचा टॅन १.१६ तो कोन ४९ अंशांच्या जवळ, त्याची दुप्पट ९८. म्हणजे १०० अंशांच्या आसपास लागणारच, वर थोडी सोय म्हणून १२०. तुमचा कॅमेरा ५०० मिमी उंचीवर बसत असेल तर याच बेडला ७२ अंश पुरतात, आणि २०० मिमीवर बसत असेल तर १२२ लागतात. खरेदीआधी झाकण बंद करून उंची मोजाच. विक्रेते बहुतेक वेळा कर्णाचा कोन लिहितात, आडवा नाही, हेही बघून घ्या.

जास्त रुंद लेन्सचे नुकसान असे की बेड चित्राच्या मधल्या भागात आक्रसतो आणि उरलेल्या चित्रात झाकणाच्या आतल्या भिंती दिसत राहतात. ५ मेगापिक्सेलचे चित्र २५९२ पिक्सेल रुंद असते. बेड त्याच्या निम्म्यातच मावला तर ६०० मिमीला १२९६ पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल जवळपास अर्ध्या मिमीचा. माझ्याकडे बेड सुमारे २२०० पिक्सेल व्यापतो, म्हणजे एक पिक्सेल ०.२७ मिमी. शिवाय रुंद भिंगात कडा जास्त वाकतात, आणि सरळ केल्यावरही तिथे चित्र पुसट राहते.

---

भिंगवाला:

सुतारपक्षी यांचा त्रिकोण अगदी बरोबर आहे. लेन्स कॅलिब्रेशनवरून ते भरकन पुढे गेले, तिथे थोडी भर घालतो, कारण सगळ्यात जास्त लोक तिथेच अर्धवट काम करून पुढे जातात.

सर्वांत आधी फोकस. या लहान कॅमेऱ्यांचे भिंग आट्यांचे असते, हाताने फिरवून फोकस करायचे आणि मग खालची कडी आवळायची किंवा थेंबभर नेलपॉलिश लावायचे. बेडवर बारीक छापील अक्षरे ठेवून फिरवा. हे कॅलिब्रेशनच्या आधी झालेच पाहिजे. भिंग नंतर अर्धा आटा जरी फिरले तरी फोकल लांबी बदलते आणि केलेले सगळे रद्द होते. याच कारणासाठी ऑटोफोकसचा वेबकॅम घेऊ नका. घरात असलेलाच वापरायचा असेल तर ऑटोफोकस बंद होतो का ते तपासा. होत नसेल तर तो या कामाचा नाही.

छापील नमुना साध्या कागदावर काढून तसाच हातात धरू नका. कागद वळतो, आणि सॉफ्टवेअर तो सपाट आहे असे धरून चालते. कागदाची वळी भिंगाच्या खात्यात जमा होते. एमडीएफच्या किंवा जाड पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पूर्ण पृष्ठभागाला गोंद लावून चिकटवा, बुडबुडे राहू देऊ नका. चकचकीत कागद टाळा, दिव्याचे प्रतिबिंब पडून ठिपके पुसले जातात.

आता नमुना कलवण्याचे. या सगळ्या पद्धतींच्या मुळाशी झेंगयू झांग यांनी २००० साली प्रसिद्ध केलेली रीत आहे. सपाट नमुन्याचे वेगवेगळ्या कोनांतून घेतलेले काही फोटो एवढ्यावर कॅमेऱ्याचे अंतर्गत आकडे काढता येतात. यातला 'वेगवेगळ्या कोनांतून' हा भाग महत्त्वाचा आहे. सगळे फोटो नमुना बेडला समांतर ठेवूनच घेतले तर 'भिंगाची फोकल लांबी जास्त आहे' आणि 'कॅमेरा लांब आहे' यांतला फरक गणिताला कळत नाही. म्हणून कडेच्या आणि कोपऱ्यातल्या फोटोंच्या वेळी नमुन्याची बाहेरची बाजू उचलून तो कॅमेऱ्याकडे तोंड करील असा धरा. हात थरथरत असेल तर खाली लाकडाचा तुकडा ठेवा.

लाइटबर्न प्रत्येक फोटोनंतर एक स्कोअर दाखवते, जितका कमी तितका चांगला. माझे फोटो ०.३ च्या खाली आले तरच मी ठेवतो, नाहीतर पुन्हा घेतो. मात्र या आकड्यावर डोळे झाकून विसंबू नका. सगळेच फोटो बेडच्या मध्यातच घेतले तर आकडा सुरेख येईल, आणि कोपऱ्यांबद्दल सॉफ्टवेअरला काहीच माहीत नसेल. नमुना चित्राच्या अगदी कोपऱ्यापर्यंत न्या, तिथे आकडा थोडा वाढला तरी चालेल. भिंग मुळात १२० अंशांच्या वरचे असेल तर मेनूतला फिशआय (अतिरुंद भिंगाचा) पर्याय निवडायचा, साध्या भिंगाचे सूत्र तिथे कोपऱ्यांत कोलमडते.

आणि हो, भिंगावर नव्या कॅमेऱ्याला चिकटवलेली पारदर्शक पट्टी काढली आहे ना, ते बघा. धूसर चित्राच्या तक्रारी घेऊन आलेल्या तीन ओळखीच्यांकडे मला तीच सापडली.

---

दिवटी:

खूप उपयोगी धागा. माझी अडचण थोडी वेगळी आहे, कोणी सांगेल का?

माझे यंत्र डायोडचे, उघड्या फ्रेमचे, ४०० × ४०० मिमी. कॅमेरा टेबलाला लावलेल्या उभ्या खांबावर, बेडपासून ४५० मिमी उंच. कॅलिब्रेशन केले की त्या दिवशी काम सुरेख होते. दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू केले की सगळे चित्र एका बाजूला सरकलेले असते, कधी २ मिमी, कधी ५. रोज अलाइनमेंट करून कंटाळले आहे. मला वाटले लेन्सचे काहीतरी बिघडते, म्हणून ते कॅलिब्रेशनही चार वेळा केले. स्कोअर चांगला येतो.

---

सुतारपक्षी:

दिवटी, तुमच्या लेन्सचा यात दोष दिसत नाही. पुन्हा कॅलिब्रेशन करण्याआधी चूक नेमकी कशी दिसते ते बघा, कारण प्रत्येक बिघाडाची चूक वेगळ्या आकाराची असते. मी पाट्यांच्या प्रकरणानंतर हे पद्धतशीर करायला लागलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अलाइनमेंट केली त्याच जाडीचा एक मोठा पुठ्ठा बेडवर टाका. त्यावर नऊ बारीक फुल्या कोरा, तीन ओळी, तीन रकाने, बेडच्या कडांपर्यंत. पुठ्ठा न हलवता ओव्हरले (डिझाइनमागे दिसणारा बेडचा फोटो) ताजा करा. आता पडद्यावर डिझाइनमधल्या फुल्या आणि फोटोतल्या फुल्या एकमेकींवर बसतात का ते झूम करून बघा. प्रत्येक ठिकाणचा फरक, आडवा आणि उभा, कागदावर बाणाने काढा.

नऊही बाण सारख्याच लांबीचे आणि एकाच दिशेला असतील तर यंत्राचा शून्य बिंदू हलला आहे. भिंग किंवा जाडी यांचा संबंध नाही. बाण मध्यातून बाहेर फुलाच्या पाकळ्यांसारखे फुटत असतील आणि लांब जाताना सारख्या प्रमाणात वाढत असतील तर पृष्ठभागाची पातळी चुकली आहे. यात तर जाडीही मोजता येते. ३१० मिमी उंचीला १०० मिमी अंतरावर २ मिमी आणि २०० वर ४ मिमी फरक दिसला तर पृष्ठभाग सुमारे ६ मिमी वर आहे असे समजा. बाण आत वळत असतील तर पृष्ठभाग खाली गेला आहे. मध्ये सगळे ठीक आणि फक्त कडांना रेषा कमानीसारखी वाकते, तर लेन्स कॅलिब्रेशन कच्चे आहे. एकच कोपरा चुकतो, तर बहुधा अलाइनमेंटच्या वेळी त्या खुणेवर क्लिक नीट बसले नाही, किंवा तिथे पुठ्ठा उचललेला होता. आणि दर फोटोला बाण बदलत असतील तर गणित सोडा, स्क्रू आवळा.

तुमचे वर्णन पहिल्या प्रकारचे वाटते. तुमच्या यंत्राला लिमिट स्विच आहेत का? सुरू केल्यावर ते स्वतः होमिंग करते का, म्हणजे हेड स्विचला टेकवून शून्य शोधते का?

---

दिवटी:

नाही, स्विच नाहीत. हेड हाताने डाव्या पुढच्या कोपऱ्यात नेऊन मग वीज सुरू करते. तोच शून्य धरला जातो.

नऊ फुल्या काढल्या. बाण खरेच सगळे एका दिशेला, साधारण ३ मिमी उजवीकडे. पण सारख्या लांबीचे नाहीत, मागच्या ओळीत ३.५ आणि पुढे २.५ च्या जवळ.

---

काटकोन:

दिवटीताई, त्यातला सरळ ३ मिमी हा हाताने ठेवलेला शून्य. आणि मागे-पुढे जो फरक आहे तो फ्रेम थोडी फिरल्याचा दिसतो. ४०० मिमी लांबीला १ मिमी म्हणजे जेमतेम ०.१५ अंश, पुठ्ठा सरकवताना फ्रेमला धक्का लागला तरी तेवढे होते. तुमचा खांब टेबलाला आहे आणि यंत्र टेबलावर नुसते ठेवलेले आहे. म्हणजे दोघांचे नाते रोज बदलते.

माझ्याकडे कॅमेरा नसला तरी डायोडचे यंत्र असेच आहे. मी फ्रेमचे चारही पाय एका जाड एमडीएफच्या पाटावर स्क्रूने बसवले. तुम्ही खांबही त्याच पाटावर घ्या, टेबलाला नको. आणि शून्यासाठी दोन्ही रुळांवर घट्ट अडसर बसवा, वीज सुरू करण्याआधी हेड दोन्ही अडसरांना टेकवायचे. पुढे जमेल तेव्हा लिमिट स्विच लावून घ्या.

---

सुतारपक्षी:

काटकोन यांच्याशी पूर्ण सहमत. मागच्या-पुढच्या ओळीतला फरक माझ्या डोक्यात आला नसता.

लाइटबर्नमध्ये काम सुरू करण्याची पद्धत 'ॲब्सोल्यूट कोऑर्ड्स'वर आहे ना तेही बघा. 'करंट पोझिशन'वर असेल तर डिझाइन हेड उभे असेल तिथून सुरू होते, आणि कॅमेऱ्यात पाहून ठरवलेल्या जागेला काही अर्थ उरत नाही.

आणखी एक. चार खुणा यंत्र स्वतः कोरते, त्यामुळे कॅमेरा जुळतो तो यंत्राच्या स्वतःच्या मापांशी. यंत्राचे दोन अक्ष काटकोनात नसले किंवा १०० मिमीच्या ठिकाणी ते १०१ चालत असले, तरी ओव्हरले बरोबरच दिसेल. कॅमेरा जुळला म्हणून यंत्राची मापे बरोबर आहेत असे समजू नका. ती पट्टीने वेगळी तपासा.

---

करवतकाठी:

मूळ प्रश्नाकडे येतो, वेगवेगळ्या जाडीचे काय.

माझ्या यंत्राचा बेड मोटरने वरखाली होतो. नोझलपासून वस्तूच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचे फोकसचे अंतर ठरलेले असते, म्हणून १८ मिमीचा ठोकळा ठेवला की बेड तेवढा खाली जातो आणि वरचा पृष्ठभाग नेहमी त्याच पातळीवर येतो. कॅमेरा झाकणाला आहे, बेडला नाही. म्हणजे कॅमेऱ्याच्या दृष्टीने जाडी कधी बदलतच नाही. फक्त क्रम पाळावा लागतो: आधी फोकस, मग फोटो. उलटे केले की सुतारपक्षी यांच्या पाट्यांसारखे होते. माझ्या हाताखालच्या मुलाला मी हेच एक वाक्य पाठ करायला लावले.

स्थिर बेडवाल्यांनी हीच युक्ती हाताने करावी. सर्वांत जाड वस्तूची पातळी ही कायमची पातळी धरा, समजा १२ मिमी. अलाइनमेंट त्याच पातळीवर करा. मग ३ मिमीच्या प्लायवुडखाली ९ मिमीच्या पट्ट्या घाला, ६ मिमीच्या वस्तूखाली ६ मिमीच्या. पट्ट्या एकदाच कापून, त्यांवर जाडी कोरून, यंत्राशेजारी टांगून ठेवायच्या. नोझलची नळीही मग सारखी वरखाली करावी लागत नाही, हा वरचा फायदा. कापायचे काम असेल तर पट्ट्या कापाच्या रेषेखाली येणार नाहीत अशा मांडा, नाहीतर खाली धूर कोंडतो आणि मागची बाजू काळवंडते.

ज्यांना ते नको त्यांनी तीन-चार ठरावीक जाड्यांच्या वेगळ्या अलाइनमेंट करून ठेवाव्यात आणि काम बदलताना बदलाव्यात. मी काही दिवस तसे केले, एकदा बदलायची विसरलो, आणि तेव्हापासून पट्ट्यांवरच आहे.

---

निखारा:

सगळे अचूकतेबद्दल बोलत आहेत. मला सुरक्षेबद्दल दोन गोष्टी मनापासून सांगायच्या आहेत.

कॅमेरा लागला की पडद्यावर आतले दिसते, आणि माणूस यंत्रापासून उठून जातो. कृपया असे करू नका. कॅमेऱ्यात ज्वाळा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. यंत्राशेजारीच थांबा, अग्निशामक हाताशी ठेवा. आणि कॅमेऱ्यासाठी झाकणाचा इंटरलॉक (झाकण उघडताच लेझर बंद करणारा स्विच) कोणी बायपास करत असेल तर थांबा. झाकण उघडे ठेवूनच बेड दिसतो अशा जागी काहींचा कॅमेरा असतो, ते ठीक, पण फोटो घेतल्यावर झाकण बंद करूनच लेझर सुरू झाला पाहिजे.

दुसरे, लेझरच्या प्रकारानुसार कॅमेऱ्याला होणारा धोका वेगळा आहे. सीओटूची १०.६ मायक्रोमीटरची किरणे काचेतून जात नाहीत, त्यामुळे परावर्तन आले तरी काचेच्या भिंगामागचा सेन्सर वाचतो. डायोडचा निळा प्रकाश, ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा, भिंगातून सरळ आत जातो. फायबर लेझरचे १०६४ नॅनोमीटरही काचेतून जाते आणि सेन्सरला लागते. दिवटीताई, तुमचा कॅमेरा उघड्या फ्रेमवर आहे. धातूच्या किंवा आरशासारख्या वस्तूवर काम करताना भिंगावर झाकणी ठेवा. आणि तुमचे डोळे त्या कॅमेऱ्यापेक्षा मोलाचे आहेत, त्या तरंगलांबीसाठीचाच चष्मा वापरा.

जाता जाता केबलबद्दल. नुसती यूएसबी २ केबल ५ मीटरच्या वर नेऊ नका. सीओटू यंत्रात ती ट्यूबच्या उच्च दाबाच्या तारेपासून शक्य तितकी लांब न्या. माझा कॅमेरा ट्यूब पेटली की गायब व्हायचा. केबल समोरच्या बाजूने वळवली आणि फेराइटचे (विजेचा गोंगाट अडवणारे) कडे घातले, तेव्हापासून एकदाही गायब झाला नाही. बिजागरीपाशी केबलला मोकळा वळसा ठेवा.

---

भिंगवाला:

निखारा यांना +१.

एक अपेक्षा स्पष्ट करतो. वरचा कॅमेरा अर्धा ते एक मिमी अचूकतेचे साधन आहे. छापलेल्या चित्राच्या कडेने तंतोतंत कापायचे असेल तर त्यावर थांबू नका. लाइटबर्नमध्येच 'प्रिंट अँड कट' आहे: छापील कागदावर दोन खुणा ठेवायच्या, हेड प्रत्यक्ष त्या खुणांवर नेऊन जागा नोंदवायची. तिथे भिंगाची चूक मध्ये येतच नाही. हेडवर बसवलेला कॅमेरा हा तिसरा मार्ग. तो लहान तुकडाच पाहतो, पण अगदी वरून सरळ पाहतो, म्हणून कडेची ओढाताण नसते.

आणि महिन्यातून एकदा भिंग पुसा. प्लायवुडच्या धुराचा तपकिरी थर हळूहळू बसतो आणि आपल्याला वाटते प्रकाश कमी झाला. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड. हलक्या हाताने, म्हणजे भिंग फिरणार नाही.

---

दिवटी:

आठवडाभराने लिहिते आहे. १८ मिमी एमडीएफचा पाट घेतला, फ्रेम आणि खांब दोन्ही त्यावर बसवले. रुळांवर ॲल्युमिनियमचे अडसर लावले. 'करंट पोझिशन'वरच काम चालू होते, ते बदलले. लेन्स कॅलिब्रेशन मुद्दाम पुन्हा केले नाही, जुनेच ठेवले.

पाच दिवस रोज सकाळी नऊ फुल्या काढल्या, अलाइनमेंट एकदाही न करता. मध्यावर ०.२ ते ०.३ मिमी, तीन कोपऱ्यांत ०.५. चौथा कोपरा, मागचा उजवा, सारखा १.२ दाखवत होता आणि बाण बाहेर जाणारा. सुतारपक्षींचे गणित उलटे केले: मध्यापासून २८० मिमी अंतर, १.२ ची चूक, उंची ४५०, म्हणजे पृष्ठभाग तिथे साधारण २ मिमी वर. पट्टी आडवी धरून पाहिले तर हनीकॉम्बखाली (बेडच्या जाळीखाली) त्याच कोपऱ्यात कापलेला तुकडा अडकलेला होता, २ मिमी ॲक्रिलिकचा. काढला. आता तिथेही ०.५.

काल पहिल्यांदा बेडवर वेड्यावाकड्या ठेवलेल्या अकरा उरलेल्या तुकड्यांवर एकाच वेळी काम केले. सगळे बसले.

---

सुतारपक्षी:

दिवटी, कॅमेऱ्याने बेडखालचा तुकडा शोधून दिला, वाचून फार आनंद झाला!

करवतकाठी, तुमच्या पट्ट्या कालच कापल्या. ३, ६ आणि ९ मिमी, प्रत्येकी चार, जाडी कोरलेल्या. पातळी १२ वर धरली आणि अलाइनमेंट तिथे केली. कॅमेऱ्याची उंची आता ३०१ झाली आहे, ती झाकणाच्या आत लिहून ठेवली. राहिलेल्या पाट्या परवा करतो. त्या ९ मिमीच्या आहेत, म्हणजे खाली ३ ची पट्टी.